घराच्या आतली मोजणी : पुण्यात कुटुंबाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

कुटुंबावरच्या बहुतेक सर्वेक्षणांत मोजमापाचं एकक असतं घर. दार उघडेल त्याला विचारायचं, घराचं उत्पन्न लिहायचं, माणसं मोजायची आणि पुढच्या दाराकडे वळायचं. यातून श्रीमंत घर आणि गरीब घर यांतला फरक कळतो. पण एकाच छताखाली राहणाऱ्या सासऱ्याच्या आणि सुनेच्या, मुलाच्या आणि मुलीच्या वाट्याला काय येतं, ते या आकड्यांत दिसत नाही. कौटुंबिक जीवन, लिंगभाव आणि विषमता या विषयांत काम करायचं तर नेमकं तेच हवं असतं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य शिकताना पुण्यातला पहिला छोटा प्रकल्प हाती आलेल्यांसाठी, आणि संस्थांमध्ये नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहितो आहे. भर एकाच गोष्टीवर आहे : अभ्यास घराच्या आत कसा न्यायचा.

पहिली पायरी : वस्तीत जाण्याआधी आहे ते वाचा

पुणे या बाबतीत भाग्यवान शहर आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, आणि धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जनगणनेचे जुने खंड बसून वाचता येतात. पुणे जिल्ह्यातल्या जननदर आणि मृत्युदराची पाहणी याच संस्थेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती. विद्यापीठात १९८७ पासून स्त्री अभ्यास केंद्र आहे, ते आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालतं. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेवर आयुष्यभर काम केलं. शहराबाहेर शिरूर तालुक्यात वढू इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून ठरावीक गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर सातत्याने नोंदवत ठेवले आहे. यातल्या निदान एका ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बसा. तुम्हाला सुचलेला प्रश्न कुणीतरी आधी विचारलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो कसा विचारला हे पाहण्यातच अर्धं शिक्षण होतं.

राष्ट्रीय पातळीवरचे तीन आकडेसाठे ओळखीचे करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, १९९२-९३ पासून सुरू आहे. ते मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेमार्फत होतं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, १.७ आला, आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं निघालं. जिल्ह्याचं तथ्यपत्रक फुकट मिळतं, मात्र जिल्ह्याच्या खाली, प्रभागापर्यंत, हे आकडे उतरत नाहीत. रोजगारासाठी नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, २०१७-१८ पासून आहे. तिसरा साठा वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणाचा. तो माझ्या मते सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा आहे. हे सर्वेक्षण देशभर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झालं.

२०१९ च्या फेरीतला एक आकडा सगळीकडे उद्धृत होतो : बिनपगारी घरकामात स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. तो वाचून पुरुष दीड तास तरी घरकाम करतात, असं वाटतं. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. असं काम करणारे पुरुष होते २६.१ टक्के, स्त्रिया ८१.२ टक्के. सगळ्यांना धरून सरासरी काढली तर पुरुषांची मिनिटं पंचविसाच्या आसपास येतात आणि स्त्रियांची २४३ च्या. कुठलीही सरासरी वाचताना ती कोणाची, हे आधी विचारा. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे स्त्रियांची मिनिटं उतरली तशी पुरुषांचीही उतरली.

जनगणनेचे शेवटचे आकडे २०११ चे आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तोवर २०११ वरच भागवावं लागतं, आणि पुण्यात त्यात एक अडचण आहे. २०११ मध्ये महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, पण त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पुन्हा वेगळी काढली. प्रभागांच्या सीमाही निवडणुकीगणिक बदलतात. म्हणून 'पुणे शहर' लिहिताना कोणत्या सालची हद्द धरली, ते पहिल्याच पानावर लिहा.

दुसरी पायरी : घर म्हणजे कोण, ते लिहून काढा

ही पायरी सगळ्यांना सोपी वाटते, पण सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा.

जनगणनेच्या व्याख्येत नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. पुण्यात फिरायला लागलात की ही व्याख्या दर चार दारांमागे अडते. दोन भाऊ एकाच घरात राहतात, स्वयंपाक वेगळा, आईचं जेवण महिना-महिना वाटून. कोंढव्याच्या सोसायटीत म्हातारे आईवडील एका फ्लॅटमध्ये, मुलगा-सून समोरच्या फ्लॅटमध्ये, रात्रीची पोळीभाजी एकत्र. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या चार मुली, प्रत्येकीचा मेसचा डबा वेगळा. वस्तीतल्या एका खोलीत गावाकडून आलेला पुतण्या सात महिने राहतोय, घरच्यांच्या मते तो 'पाहुणा' आहे. नवरा आखातात, पैसे तिथून येतात, फोनवरून निर्णयही तिथूनच.

एकच व्याख्या पकडून बाकीच्यांना दारातून परत पाठवू नका. तीन स्वतंत्र यादीप्रश्न ठेवा. काल रात्री इथे कोण झोपलं? या चुलीवर नेहमी कोण जेवतं? इथे राहत नसलं तरी या घराच्या पैशावर किंवा निर्णयावर कोणाचा हक्क चालतो? या तीन याद्यांतली माणसं सारखी निघाली नाहीत तर तो फरक हीच तुमची माहिती. एनएफएचएस नेहमीचे रहिवासी आणि आदल्या रात्री मुक्कामाला असलेले पाहुणे वेगळे नोंदवतं, त्यामागेही हाच विचार आहे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नुकतीच बाळंत झालेली बाई तुम्हाला तिच्या सासरच्या पत्त्यावर सापडणार नाही. माहेरी सापडेल, पण तिथल्या रेशनकार्डावर तिचं नाव नसेल. मातृत्वावर अभ्यास असेल आणि दोन्हीकडच्या याद्या नसतील तर ती तुमच्या हातून निसटणार. जन्मनोंदणीतही हाच घोळ होतो. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथे नोंदवला जातो, त्यामुळे पुण्याच्या दवाखान्यांतल्या नोंदींत भोर, दौंड, अगदी सोलापूरकडून आलेल्या आयांची बाळंही असतात. तो आकडा पुण्यात राहणाऱ्यांचा म्हणून छापू नका.

'कुटुंबप्रमुख कोण?' हा प्रश्न शक्यतो टाळा. त्याचं उत्तर मानाने दिलं जातं, वस्तुस्थितीने नाही. विधवा आईच्या कमाईवर चालणाऱ्या घरातही कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं नाव सांगतात. त्याऐवजी घर कोणाच्या नावावर, भाडं किंवा हप्ता कोण भरतं, मोठी खरेदी करताना शेवटचा शब्द कोणाचा, हे वेगवेगळं विचारा.

तिसरी पायरी : यादी, नमुना, वेळ

आधी भागातल्या सगळ्या दारांची यादी चालत फिरून करा. पोटमाळे, जिन्याखालच्या खोल्या आणि दुकानामागची घरं यादीत आली पाहिजेत. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे भागाचं उत्तम ज्ञान असतं, पण घरं निवडायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. त्या आपुलकीने 'नीट बोलणाऱ्या' घरी नेतात. निवड तुमची : यादीवरून ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर बारावं घर.

किती घरं? साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यात ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा पाच टक्के मागेपुढे अचूक हवा असेल तर ३८५ जण लागतात. शंभरात चूक जवळपास दहा टक्के मागेपुढे होते. तुम्ही दोन-तीन वस्त्यांतूनच घरं घेणार असाल तर एकाच गल्लीतली उत्तरं एकमेकांसारखी असतात, म्हणून संख्या दीडपट-दुप्पट धरावी लागते. विद्यार्थ्याला हे झेपत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. साठ घरांत नवरा-बायको दोघांशी स्वतंत्र बोललेला अभ्यास मला चारशे घरांत एकेकाशी उभ्याने बोललेल्या अभ्यासापेक्षा जास्त कामाचा वाटतो. फक्त त्यावरून शहराची टक्केवारी काढू नका.

मुला-मुलींच्या प्रमाणाचं मात्र छोट्या आकड्यांवर बोलूच नये. ० ते ६ वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे आकडे लाखो मुलांचे आहेत. जन्माच्या वेळी नैसर्गिकपणे हजार मुलांमागे साधारण ९५० मुली असतात. पण एका भागात वर्षाला २०० जन्म झाले तर निव्वळ योगायोगाने हा आकडा साधारण ७२० ते १२५० यांमध्ये कुठेही पडू शकतो. एका वर्षाच्या अशा आकड्यावरून एखाद्या वस्तीवर गर्भलिंगनिदानाचा ठपका बसला तर तो अन्याय आहे.

घरातून कोणाशी बोलायचं हेही नमुन्याने ठरवा. सगळ्या प्रौढांची यादी करून चिठ्ठीने किंवा मोबाइलवरच्या यादृच्छिक आकड्याने एकाला निवडा. नाहीतर सकाळी अकराला घरी असणाऱ्याच तुमच्या अभ्यासात भरतील, आणि धुणीभांडी करायला सात वाजताच बाहेर पडलेली बाई तुमच्या आकड्यांत येणारच नाही. ती बहुतेक दुपारी दोन-तीनच्या सुमाराला घरी येते. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या कामगारांची सुट्टी गुरुवारी, हिंजवडीवाल्यांची शनिवार-रविवारी. पाणी बंद ठेवण्याची सूचनाही बऱ्याचदा गुरुवारचीच असते, तेव्हा त्या दिवशीचा आणि आदल्या दिवशीचा घरकामाचा वेळ नेहमीचा नसतो. गणपती, दिवाळी, पालखीचे दिवस आणि माणसं गावी गेलेला मे महिना वेळेच्या अभ्यासाला घेऊ नका.

वस्तीत नकार कमी मिळतात, सोसायटीत जास्त. अध्यक्ष-सचिवांचं पत्र, वॉचमनकडची नोंद, आणि तरीही बंद दार. कंटाळून अनेक जण पुन्हा वस्तीकडेच वळतात, आणि मग कौटुंबिक विषमता ही गरिबांचीच गोष्ट असल्यासारखे अहवाल तयार होतात. सोसायटीत निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी जा, आणि नकार किती आले ते अहवालात लिहा.

चौथी पायरी : प्रश्न बोलीत लिहा

'तुम्ही काम करता का?' असं विचारलंत की उत्तर येतं, 'नाही, घरीच असते.' हे सांगणारी बाई त्याच वेळी शेजारच्या दोघांचे डबे करत असेल, ब्लाउजांना हुक लावत असेल, जावेचं मूल सांभाळत असेल. पीएलएफएसमध्ये फक्त घरकाम करणाऱ्यांचा संकेतांक ९२ आहे. घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण आणणं, शिवण, विणकाम करणाऱ्यांचा ९३. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. डबे करून पैसे मिळवणारी बाई खरं तर ९२ मध्ये बसत नाही, पण 'घरीच असते' हे दोन शब्द ऐकून मुलाखतकाराने पुढे विचारलं नाही की तिथेच जाऊन पडते.

म्हणून दिवस विचारा. वेळेच्या सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार अशी अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद असते. तीच पद्धत घ्या : 'काल उठल्यावर आधी काय केलंत? मग?' आणि प्रत्येक टप्प्यावर 'तेव्हा आणखी काही चाललं होतं का?' पोळ्या लाटताना पोराचा अभ्यास घेणं, टीव्ही बघताना मटार सोलणं याच प्रश्नावर बाहेर येतं. पुरुषालाही हीच वही भरायला लावा. त्याच्या उत्तरात ती काय करत होती तेही विचारा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा.

निर्णयांबद्दल विचारलं की 'आम्ही दोघं मिळून ठरवतो' हे उत्तर ठरलेलं. मागची प्रत्यक्ष घटना विचारा. शेवटचं दवाखान्यात गेलात तेव्हा कोणाला सांगून गेलात, कोणाला विचारून? पैसे कोणाकडचे? सोबत कोण? 'सांगून' आणि 'विचारून' यांतलं अंतर प्रत्येक मराठी बाईला कळतं, तुमच्या प्रश्नावलीतही ते असायला हवं. जेवणाचं असंच : काल रात्री कोण कोणाबरोबर जेवलं, शेवटी कोण बसलं, तोवर भाजी उरली होती का.

उत्पन्नाच्या प्रश्नावर आता जास्त काळजी घ्यावी लागते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना १५०० रुपयांची, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याच्या अटीवर. वही घेऊन आलेला माणूस पडताळणीला आलाय, ही भीती त्यामुळे खरी आहे. तिच्यापुढे उत्पन्नाचा प्रश्न रेटू नका. खर्च, घरातल्या वस्तू, कर्जाचा हप्ता यांवरून अंदाज बांधा, आणि बाईला विचारा की गेल्या महिन्यात कोणालाही हिशेब न देता खर्च करता आले असे किती पैसे हातात होते. जातीचंही तसंच. २०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण दारोदार गेलं होतं, त्यामुळे जात विचारणं लोक आरक्षणाशी जोडतात. का विचारतो ते सांगा, शेवटाकडे विचारा, जात आणि प्रवर्ग वेगळे लिहा, आणि सांगायचं नसेल तर सोडून द्या.

प्रश्नावली दहा-पंधरा घरांत करून बघा, मगच छापा. मोबाइलवर भरायची असेल तर कोबोटूलबॉक्स हे ॲप चांगलं आहे, मराठी लिपी नीट चालते.

पाचवी पायरी : तिच्याशी एकटीशी बोलणं

दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठून आणायचा? सासू शेजारी बसते, दीर दारात उभा राहतो, शेजारीण 'काय चाललंय' म्हणून डोकावते. एकांत मागून मिळत नाही, तो आखावा लागतो. दोघं जण जा. एकाने सासूबाईंची किंवा नवऱ्याची मुलाखत बाहेर घ्यावी, दुसरीने आत बोलावं. अंगणवाडीची खोली, समाजमंदिर, देवळाचा कट्टा आधीच पाहून ठेवा. पाणी भरायच्या वेळेला जाऊच नका. बायकांशी बोलायला शक्यतो स्त्री मुलाखतकारच हवी.

संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. बोलून सांगा : आम्ही कोण, किती वेळ लागेल, कोणता प्रश्न सोडता येईल, मध्येच थांबवता येईल. 'यातून आम्हाला काय मिळणार?' हे तुम्हाला नक्की विचारतील. खरं उत्तर द्या. काही मिळणार नसेल तर तसं सांगा. योजनेचं, घरकुलाचं, नळाचं आश्वासन चुकूनही देऊ नका. नाव आणि फोन नंबर उत्तरांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ पासून आहे, आणि घरातल्या माणसाला घरातल्याच माणसाने दिलेलं उत्तर दिसणं हा कायद्याच्याही आधीचा धोका आहे.

हिंसेवरचे प्रश्न पहिल्या अभ्यासात घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचेच असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मुलाखतकारांचं प्रशिक्षण आणि मदतीची व्यवस्था आधी उभी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच या संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत बाईची सुरक्षितता सगळ्यात वर आहे. एनएफएचएस एका घरात एकाच बाईला हे प्रश्न विचारतं, तेही पूर्ण एकांत असेल तरच. कारण घरातल्या दुसऱ्या कुणाला प्रश्न कळले तर तुम्ही निघून गेल्यावर मार तिला बसतो. कुणी मध्येच आलं तर लगेच वळता येईल असे मुलांच्या लसीकरणाचे प्रश्न हाताशी ठेवा. महिला मदतवाहिनी १८१, तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पाठ हवेत. छापील चिठ्ठी तिच्या हातात ठेवण्याआधी ती तिला घरात ठेवता येईल का, ते विचारा.

अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींशी लैंगिक संबंध किंवा गर्भारपणाबद्दल बोलण्याआधी २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या, कायद्याचं कलम १९ वाचा. गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तुम्ही गुप्ततेचं वचन देऊन बसलात आणि मग कळवावं लागलं, तर त्या मुलीचा विश्वास तुम्हीच मोडलेला असतो. हे प्रश्न विचारायचे का, कसे आणि आधी काय सांगून, हे समितीसमोर मांडून ठरवा.

सहावी पायरी : आकडे मांडताना

रोजच्या रोज भरलेल्या प्रश्नावल्या रात्रीच वाचा. एकाच मुलाखतकाराच्या सगळ्या घरांत 'दोघं मिळून' येत असेल तर प्रश्न नीट विचारला जात नाहीये. एनएफएचएस किंवा पीएलएफएसचे आकडे सोबत वापरणार असाल तर त्यांतले भार (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं, तो आकडा) लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका. 'आर' ही आकडेवारीची संगणकीय आज्ञावली फुकट आहे आणि पुरेशी आहे.

विश्लेषणात सगळ्यात मोठा मोह असतो घराची सरासरी काढण्याचा. घरखर्चाला माणसांच्या संख्येने भागलं की सगळ्यांना सारखंच मिळतं असं आपण गृहीत धरतो. १९७१ मध्ये पुण्यातूनच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, तोही दरडोई खर्चावरच उभा होता. उपासमारीची व्याप्ती दाखवायला ते मोजमाप आवश्यक होतं आणि त्याने मोठं काम केलं. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, म्हणून तक्ते माणसागणिक करा. दवाखान्यावरचा खर्च कोणासाठी झाला, शिकवणी कोणाला लावली, दूध कोणाला मिळालं. नवरा-बायकोची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे सरासरी काढून मधला आकडा लिहू नका. दोन्ही आकडे छापा.

जात, वर्ग आणि लिंग यांचे तीन वेगळे तक्ते करून थांबू नका. कोथरूडच्या फ्लॅटमधली बाई आणि तिच्याकडे भांडी घासणारी जनता वसाहतीतली बाई दोघीही 'स्त्रिया' या रकान्यात येतात, पण एकीचा मोकळा वेळ दुसरीच्या श्रमातून निघालेला असतो. हे दिसायला दोन्ही घरं एकाच तक्त्यात यावी लागतात.

सातवी पायरी : परत जा

अहवाल पक्का होण्याआधी निष्कर्ष त्याच वस्तीत, त्याच सोसायटीत वाचून दाखवा. बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी. एकत्र घेतलीत तर बोलणारे कोण असतील हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे. दुपारी तीनच्या सुमाराला, तासाभराची, दोनच तक्ते घेऊन. छोट्या वस्तीत 'विधवा, तीन मुली, शिवणकाम' एवढ्यावरूनही बाई ओळखू येते, म्हणून कुणाचीही गोष्ट जशीच्या तशी वाचू नका. बायका जिथे 'हे असं नाही' म्हणतील ते लिहून घ्या आणि त्यांची हरकत अहवालात तक्त्याखालीच छापा. कोरी प्रश्नावली आणि घराची तुम्ही ठरवलेली व्याख्या परिशिष्टात जोडा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच वस्तीत येणाऱ्याला तुमचे आकडे स्वतःच्या आकड्यांशी ताडून बघता येतील.